कवठ म्हणजे सफरचंद नव्हे

संपादक महोदय,

सफरचंदाच्या प्रतीकांवरचा आपल्या पुरवणीतला लेख माहितीपूर्ण होता, पण गणपतीच्या श्लोकातले ‘कपित्थ’ त्यात सफरचंदाच्या खात्यात टाकले आहे. कपित्थ म्हणजे आपले कवठ. इंग्रजीत त्याला ‘वुड ॲपल’ म्हणतात, घोळ तिथेच झालेला दिसतो. जुन्या इंग्रजीत ‘ॲपल’ हा शब्द कोणत्याही फळाला चालायचा. म्हणून सीताफळ ‘कस्टर्ड ॲपल’ झाले, अननस ‘पाइनॲपल’ आणि महादेवाला वाहायचे धोतऱ्याचे काटेरी बोंड चक्क ‘थॉर्न ॲपल’! कवठ तर लिंबाच्या कुळातले.

बायबलचेही तसेच. उत्पत्तीच्या पुस्तकात झाड आहे ते बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचे, फळाचे नाव कुठेच नाही. आदाम-हव्वा नंतर नेसतात ती पाने मात्र अंजिराची, आणि सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने झाडही अंजिराचेच रंगवले आहे. लॅटिनमध्ये ‘मलुम’ म्हणजे वाईट आणि ‘मालुम’ म्हणजे सफरचंद. फरक ऱ्हस्व-दीर्घाचा, तोही लिहिताना दिसत नाही. सफरचंदाच्या बदनामीला हा श्लेष चांगलाच पोसत आला. फोनवरच्या उष्ट्या सफरचंदात मात्र हव्वेला शोधू नये. रॉब जॅनॉफ यांनी १९७७ मध्ये ते बोधचिन्ह काढले तेव्हा चावा ठेवला, तो लहान आकारात फळ चेरीसारखे दिसू नये म्हणून.

नावांचा हा गोंधळ पुस्तकापुरता राहिला असता तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. पण पूजेच्या साहित्याच्या याद्या आता फोनवर भाषांतर होऊन फिरतात, आणि वेरूळ, औंढा, परळी ही तीन ज्योतिर्लिंगे असलेल्या मराठवाड्यात महाशिवरात्रीला धोतरा घरोघरी येतो. त्याचे बोंड, विशेषतः बिया, विषारी. पोटात गेल्यास तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो. तसाच हात डोळ्याला लागला तरी अंधुक दिसू लागते. धोतरा वेगळ्या द्रोणात ठेवावा, वाहून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच प्रसादाची फळे चिरावीत. पोरांच्या हाती बोंड देऊच नये.

कवठाची पारख सोपी. फूटभर उंचीवरून फरशीवर टाकावे. उसळले तर कच्चे. धप्प करून जागीच बसले आणि देठाशी गोडसर वास आला तर पिकले. भाद्रपदात ते बहुधा कच्चेच मिळते, तेव्हा गणपतीपुढे अख्खे ठेवावे. चटणी महाशिवरात्रीला: दशी काढलेल्या वाटीभर गराला अर्धी वाटी गूळ, जिरे, तिखट, मीठ. आंबट निघाले तर गूळ वाढवावा.

ताटातल्या सफरचंदाला आमची हरकत नाही. हिमाचल-काश्मीरचा तोडा नेमका गणपती ते दिवाळीच्या सुमारास येतो, म्हणून ते पंचफळांत बसले. आणि परके म्हणावे तर बालाघाटात रुजलेले, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळही मूळचे अमेरिका खंडातलेच. त्याला आपण सीतेचे नाव देऊन मोकळे झालो.

कपित्थाची तेवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी. सोबत कवठाचे चित्र दिल्यास उत्तम, कारण बाजारात बेलफळालाही ‘वुड ॲपल’ म्हणणारे आहेत.

आपले,
काही वाचक, अंबाजोगाई