ओळखीचा हात

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत मी एक ओळही लिहिली नाही, म्हणून तू रागावला असशील आणि तो राग रास्तच आहे. आम्ही सारे बरे आहोत. आईचा गुडघा पूर्वीसारखाच. आज लिहायला बसलो, कारण जे घडले ते दुसऱ्या कुणाला सांगितले तरी त्याला माडीवरची ती दुपार आठवणार नाही.

गेल्या शनिवारी अथर्व मित्राच्या वाढदिवसाला गेला होता. मुले वर लपाछपी खेळत होती आणि आम्ही मोठी माणसे खाली मिसळ खात होतो. मध्येच तो जिना उतरून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, वर पलंगाशेजारच्या खणात खरे पिस्तूल आहे." ते खरे होते आणि भरलेले होते. कुणाला काही झाले नाही. पण पायऱ्या चढताना मला काकांची दुनळी बंदूक, भिंतीतून उडालेला चुना आणि तुझा पांढराफटक चेहरा दिसत होता.

यजमान आपल्याच मराठी मंडळातले सज्जन गृहस्थ आहेत. दोन वर्षांपूर्वी घरफोडी झाल्यापासून त्यांनी ते शस्त्र ठेवले आहे. लहान मुलाच्या हाती लागेल असे भरलेले शस्त्र ठेवणे इथे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी ते ओशाळून घरी आले. मी दहा वर्षे दारांच्या बायोमेट्रिक कुलुपांवर काम केले आहे, म्हणून त्यांनी विचारले, की केवळ मालकाच्या हातात चालणारे 'स्मार्ट' पिस्तूल घ्यावे का. पाच दिवस झाले, मला सरळ उत्तर देता आलेले नाही.

माझे मन प्रथम 'हो' म्हणाले. काकांच्या दुनळीने तुझा हात ओळखला असता, तर ती दुपार घडलीच नसती. पण लगेच मला काकू आठवल्या. आयुष्यभर भांडी घासून झिजलेला त्यांचा अंगठा रेशनच्या यंत्राला सहा वेळा पटला नव्हता आणि तू दुकानदाराशी इतका वेळ भांडलास, की वहिनींना दोन दिवस गुळाचा चहा करावा लागला! रेशनच्या दुकानात सातव्यांदा अंगठा ठेवता येतो; मध्यरात्री दार फोडून कुणी आत आले असेल, तर तेवढी सवड नसते. उलट बाजूची भीतीही खरी आहे. घड्याळ जवळ असेल तरच चालणारे एक जर्मन पिस्तूल आले होते. २०१७ मध्ये एका हॅकरने सुमारे पंधरा डॉलरच्या चुंबकांनी ते घड्याळाविना चालवून दाखवले. आता बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारे पिस्तूल सुमारे दीड हजार डॉलरला मिळते.

सक्तीने हा प्रश्न सुटेल असे मला पूर्वी वाटे. आमच्या राज्याने २००२ मध्ये कायदा केला, की देशात कुठेही असे पिस्तूल विक्रीस आले, की तीन वर्षांनी इथे साधे पिस्तूल विकताच येणार नाही. परिणाम असा झाला, की ते कुठेच विकले जाऊ नये म्हणून बंदुकीच्या हक्काचे पाठीराखे इरेस पेटले; २०१४ मध्ये मेरीलँडच्या एका दुकानदाराने ते विकायचे ठरवले, तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. २०१९ मध्ये तो कायदा बदलावा लागला. सतरा वर्षे वाया गेली, याचे मला मनापासून दुःख होते.

आता आपले जुने भांडण. आधारच्या वेळी तू म्हणाला होतास, की ठसा दिला म्हणजे दाराची किल्ली दिली, आणि मी तुला भित्रा म्हणालो होतो. तो शब्द मी आज मागे घेतो. यजमानांच्या बोटांचे ठसे परवान्याच्या वेळीच सरकारने घेतले आहेत. त्यांना भय आहे ते नोंदीचे. पिस्तूल केव्हा उघडले, कुणी उघडले, हे त्यात साठले, तर उद्या ते कोण वाचेल? संघराज्याने बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही करू नये, असा कायदा इथे १९८६ पासून आहे, तो याच भयामुळे. ठसा पिस्तुलातच राहतो, बाहेर जात नाही, असे आज उत्पादक सांगतात. आम्हीही कुलुपांबद्दल हेच सांगत होतो. मग तिसऱ्या वर्षी वरून आदेश आला आणि कुलूप मोबाइलला जोडले गेले. त्यामुळे ज्यात रेडिओ, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारा भाग, मुळातच बसवलेला नाही, असेच यंत्र मी कुणाला सुचवीन.

तरीही एक गोष्ट घशात अडकते. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. मालकाचा हात पिस्तूल बरोबर ओळखते आणि ते तेव्हाही ओळखील. गृहस्थांना मी सांगणार आहे, की नवे पिस्तूल घ्या अथवा घेऊ नका, आधी लोखंडी तिजोरी घ्या आणि गोळ्या दुसरीकडे ठेवा.

चिन्मयीच्या निकालाबद्दल अभिनंदन. विहिरीला पाणी लागले का? वहिनींना नमस्कार.

अथर्व खाली येऊन मला सांगू शकला. आपण दोघांनी तीस वर्षांत कुणालाच सांगितले नाही. त्याला ती दुपार सांगावी असे मला वाटते. पण ती अर्धी तुझी आहे, म्हणून तुला विचारतो. लवकर कळव.

तुझा,
अविनाश