पॉट मागवायच्या आधी पाइप बघ

ॲनापोलिस, मेरिलंड

प्रिय दिन्या,

बोटीच्या संडासाचा नवा पॉट मागवतोयस म्हणालास, तर चार दिवस दम धर. तुझी बोट १९८३ ची, माझीही त्याच सुमाराची. केबिनचं दार उघडल्याबरोबर येणारा भपकाराही तोच असणार. सगळे पॉटला शिव्या घालतात, पण वास बहुतेक वेळा पॉटमधून मैला नेणाऱ्या पाइपाचा असतो.

तपासायचं असं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दीड इंची पाइपाला गुंडाळ, गार झालं की नाकाशी धर. फडकं घाण मारलं तर वास पाइपातूनच झिरपतोय. मग बाहेरून कितीही घास, फरक पडत नाही.

माझा जुना पाइप करवतीने तुकडे करून काढावा लागला. आत गिझरच्या कॉइलवर चढतात तसे पांढरट थर! खारं पाणी आणि लघवी मिळून कॅल्शियम साठतं. जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरली होती. पॉटचा हँडपंप इतका जड का चालायचा, ते तेव्हा कळलं. आई फोनवर म्हणाली, "अमेरिकेत जाऊन हेच करायचं होतं का रे?"

नवा पाइप चढवणं म्हणजे निव्वळ कुस्ती. टोक उकळत्या पाण्यात बुडवून मऊ कर, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब लाव आणि पिरगाळत रेट. जोडाला स्टेनलेसचे दोन-दोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. मुख्य म्हणजे मधे कुठे झोळ ठेवू नकोस. झोळात मैला साचतो आणि नवा पाइपही तिथूनच वास मारायला लागतो.

मैला साठवायच्या टाकीच्या व्हेंटकडे, म्हणजे हवेच्या नळीकडे, कुणी बघतच नाही. आत हवा खेळली नाही की बिनऑक्सिजनचे जंतू माजतात आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. माझ्याकडे ५/८ इंची नळी होती, ती मी एक इंची केली. एवढ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फरक पडला तो इथे.

पॉट पाण्याच्या पातळीखाली असेल तर व्हेंटेड लूप, म्हणजे वर हवेची झडप असलेलं पाइपाचं उलटं वळण, लागतोच, आणि बोट कलली तरी पाण्याच्या वर राहील इतका उंच. नाहीतर सायफन होऊन पाणी आत येतं आणि धक्क्याला बांधलेली बोट बसल्या जागी बुडते. सीकॉकच्या, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावरच्या झडपेच्या, जागी जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर बोट पाण्याबाहेर काढशील तेव्हा तोही बदल.

कायदा तुला ठाऊकच आहे: किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडायचा नाही. मैला टाकीत जाणार की बाहेर पाण्यात हे ठरवणारा वाय-व्हॉल्व्ह टाकीकडे वळवून झिप-टायने आवळून ठेव. मी तर बाहेरची वाट काढूनच टाकली. अख्ख्या चेसापीकच्या उपसागरात तिचा उपयोग काय? धक्क्यावर टाकी उपसून (पंप-आउट) घेतो आणि निवांत असतो.

पाइप फुटावर मिळतो. टेपने मोजू नकोस, कोपऱ्याकोपऱ्यातून दोरी फिरवून मोज आणि वर दोन फूट जास्त घे. लॉकरच्या आतले फोटो पाठव, पॉटचं त्यानंतर ठरवू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुध्या