मेलाटोनिन घ्या म्हणता, पण कधी आणि किती?

संपादक महाशय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला झोपेवरचा लेख वाचला, लेख चांगलाच होता, पण जाता जाता एक वाक्य टाकलंय की झोप लागत नसेल तर मेलाटोनिनची सप्लिमेंट घेऊन बघायला हरकत नाही, नैसर्गिकच असतं. बास, एवढंच. किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कोणी घेऊ नये, काही म्हणजे काही नाही. सगळी गोम तिथेच आहे म्हणून हे पत्र लिहितोय. (आणि नैसर्गिकच म्हणाल तर इन्सुलिनही शरीरातच बनतं, ते काय कोणी स्वतःच्या मनाने टोचून घेतं का?)

मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे हो. अंधार पडायला लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडायला लागते आणि ते शरीरभर दवंडी पिटतं की रात्र झाली, आता आवरा. आपल्या रोजच्या झोपायच्या वेळेच्या साधारण दोन तास आधीच हे सुरू झालेलं असतं. आता लोक काय करतात बघा. रात्री साडेबाराला अंथरुणात पडल्यापडल्या गोळी गिळायची, पाण्याचा ग्लास खाली ठेवायचा आणि त्याच हाताने परत मोबाईल उचलायचा, मग रील्स चालू आणि मधूनमधून वरच्या कोपऱ्यात टाइम बघायचा की अजून कशी येत नाही झोप. म्हणजे स्क्रीनच्या निळसर उजेडाने शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन दाबायचं आणि वरून तेच गोळीतून ओतायचं! मग दोन दिवसांनी म्हणणार, याने काही होत नाही, उद्यापासून दोन घेतो.

दोन घेऊन काय होणार? रात्री शरीरात जेवढं असतं तेवढं रक्तात यायला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस पुरतो, आणि बाटल्या मिळतात ३, ५, अगदी १० मिलिग्रॅमच्या. डोस वाढवला म्हणून झोप त्या हिशोबात वाढत नाही, उलट सकाळी डोकं जड, अंगात गुंगी, आणि तसंच गाडी चालवत ऑफिसला जायचं. २०१३ मध्ये १९ चाचण्यांचे आकडे एकत्र करून बघितले होते, त्यात मेलाटोनिनने झोप सरासरी सात मिनिटं लवकर लागली आणि एकूण झोप आठेक मिनिटांनी वाढली. सात मिनिटं! काहीच नाही असं मी म्हणत नाही, पण जाहिराती बघून माणसाला काय वाटतं आणि प्रत्यक्षात काय होतं ते बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१७ मध्येच सांगितलंय की जुनाट निद्रानाशासाठी हे वापरू नये असा आमचा सल्ला आहे.

जिथे शरीराचं घड्याळच सरकलंय तिथे मात्र हे खरंच कामाला येतं, ते पण लिहायला हवं होतं. विमानाने बरेच टाइम झोन ओलांडून पूर्वेकडे गेलात तर, किंवा काही तरुण मुलांना पहाटे तीनशिवाय झोपच येत नाही आणि एकदा लागली की मग मस्त आठ तास लागते त्यांना, किंवा पूर्ण अंध माणसांना, ज्यांच्या घड्याळाला उजेडाची खूणच मिळत नाही. पण तिथेही वेळ चुकली की घड्याळ भलत्याच बाजूला सरकू शकतं, म्हणून ती वेळ डॉक्टरांनी ठरवून द्यायची असते.

आणखी एक, लेबलवर जे लिहिलंय ते आत असेलच असं नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ प्रकारच्या मेलाटोनिन गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबल आणि आतला माल जुळला नाही, काहींमध्ये तर तिपटीच्याही वर निघालं, आणि एकात मेलाटोनिन नव्हतंच. तिथे हे फूड सप्लिमेंट म्हणून सर्रास विकतात. ब्रिटनमध्ये याच गोष्टीला डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि गमी म्हणजे दिसायला चवीला चॉकलेट-गोळीच की, पोरं दिसली की मूठभर तोंडात टाकतात. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या केसेस २०१२ मध्ये ८,३३७ होत्या त्या २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, फ्लुवोक्सामीनसारखं नैराश्यावरचं औषध चालू असेल, गरोदर असाल, तर विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि जो माणूस रात्रभर घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, आहे का ते आधी तपासा, तिथे मेलाटोनिन काय करणार.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या पुरवणीत निदान एक चौकट तरी छापा, त्यात डोस, वेळ आणि कोणी घेऊ नये हे स्पष्ट असू द्या. आणि निद्रानाशावर डॉक्टर ज्याला पहिला उपचार मानतात त्या सीबीटी-आयबद्दल, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती बदलायची ती थेरपी, तिच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नव्हती, त्यावर एखाद्या झोपतज्ज्ञाकडून अख्खा लेख लिहून घ्या की.

आपला,
एक नियमित वाचक