आधी त्यांनी आपला पसंतीक्रम सांगावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघासाठी मागचे मतदान १ डिसेंबर २०२० रोजी झाले. त्या निवडणुकीतून आलेल्या सदस्याची सहा वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात पुरी होते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या पदवीधरांना मिळून ही एकच जागा आहे. ती पुन्हा मागायला जे येतील आणि पहिल्यांदा मागायला जे येतील, त्या सर्वांकडून माझी एक अपेक्षा आहे. ती एखाद्या मेळाव्यात चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मांडलेली बरी, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. तो अनुभव पुढे येईलच.

या निवडणुकीची मतदारयादी दर वेळी नव्याने तयार होते. मागच्या यादीत नाव होते, हे कारण चालत नाही. अठरा क्रमांकाचा अर्ज पुन्हा भरायचा, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत पुन्हा जोडायची. माझी बी.कॉम.ची पदवी १९७८ सालची आहे. ती दर सहा वर्षांनी शिळी होते की काय, असे मी एकदा अर्ज घेणाऱ्या कारकुनाला विचारले होते. त्याने हसून शिक्का मारला. नियम आहे, तो पाळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मतदाराने आपली पात्रता दर सहा वर्षांनी कागदानिशी सिद्ध करायची आणि ज्याला आपण पाठवले त्याने मात्र मागचेच पत्रक तारीख बदलून वाटायचे, हा व्यवहार एकतर्फी आहे.

मतदानाचेही तसेच. येथे यंत्र नाही, कागदी मतपत्रिका असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनानेच आपल्या पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा आकडा घालायचा, पुढे वाटल्यास २, ३ असे लिहीत जायचे. बरोबरची खूण केली, ‘एक’ असे अक्षरी लिहिले किंवा १ हा आकडा दोन नावांपुढे घातला, की मत बाद. सगळे उमेदवार मला सारखेच प्रिय आहेत, असे म्हणण्याची सोय नियमाने मतदाराला ठेवलेली नाही. उमेदवाराला मात्र ती आहे. २०२० मध्ये घरी आलेली पत्रके मी जपून ठेवली आहेत. त्यांतल्या एकात एकतीस आश्वासने असून त्यांपैकी चौदा ‘प्राधान्याने’ पूर्ण केली जाणार होती. चौदा कामे प्राधान्याने करणे म्हणजे नेमके काय करणे, हे पस्तीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम करूनही मला उलगडलेले नाही.

म्हणून मागणी अशी, की आम्ही मतपत्रिकेवर पसंतीक्रम घालण्याआधी उमेदवाराने आपल्या कामांचा पसंतीक्रम जाहीर करावा. आणि तो नुसता छापून न देता, कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेल्या माणसांसमोर बसून, त्यांच्या उलटप्रश्नांना उत्तरे देत सांगावा.

हे मला सुचले ते परदेशात. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत भाचीकडे गेलो असता तिच्या गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत त्या राज्याचे सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले सदस्य, येणार असल्याचे कळले, आणि केवळ कुतूहल म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. व्यासपीठ नव्हते, हारतुरे नव्हते. दारात प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी मिळत होती आणि सोडतीत ज्याचा क्रमांक निघेल त्याने प्रश्न विचारायचा होता. एका वयस्क शेतकऱ्याने, तुम्हाला पुन्हा कशासाठी निवडून द्यायचे, असे सरळच विचारले. सिनेटरांनी औषधांच्या किमती, जंगलातले वणवे आणि खेड्यातली रुग्णालये, अशी तीन कामे त्याच क्रमाने सांगितली. मग आमच्या पुलाचे काय, असे त्याने पुन्हा विचारल्यावर ते म्हणाले, की पूल माझ्या पहिल्या पाच कामांत नाही. सभेत कुरबुर झाली, पण कोणी उठून गेले नाही. आपल्याकडे ‘तेही बघू’ असे उत्तर मिळाले असते आणि टाळ्याही पडल्या असत्या.

अशा सभा हा एखाद्याचाच शिरस्ता नाही. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली १९८० साली सिनेटवर निवडून आल्यापासून दरवर्षी राज्यातल्या सर्व ९९ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, जातात, आणि ओरेगनचे डेमोक्रॅट रॉन वायडन दरवर्षी सर्व ३६ काउंट्यांत कोणालाही येता येईल अशी सभा घेतात. अमेरिकेतल्या निवडणुकांत पैशाचा जो पूर वाहतो त्याचे कौतुक मला नाही. पण सहा वर्षांची मुदत मिळालेल्या माणसाने मतदाराला अधूनमधून तोंड दाखवायचे असते, एवढे तेथे दोन्ही पक्षांत मान्य दिसते.

यावर कोणी म्हणेल, की तेथे सिनेटर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतात, म्हणून त्यांना हे करावे लागते. पण ही थेट निवड १९१३ च्या घटनादुरुस्तीने आली; त्याआधी सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत, जसे आपल्याकडे राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात. त्या काळात, १८५८ मध्ये, इलिनॉय राज्याचे सिनेटर स्टीफन डग्लस फेरनिवड मागत होते आणि त्यांच्यासमोर अब्राहम लिंकन उभे होते. समोरच्या श्रोत्यांपैकी कोणालाही त्या दोघांना थेट मत देता येणार नव्हते, तरीही दोघे सात गावांत समोरासमोर बोलले. प्रत्येक सभा तीन तासांची असे: पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, आणि पुन्हा पहिल्याने अर्धा तास उत्तर द्यायचे. फ्रीपोर्ट येथे २७ ऑगस्टला लिंकन यांनी विचारले, की एखाद्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वी तेथील लोक गुलामगिरीला कायदेशीरपणे मज्जाव करू शकतात काय. अशा प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार अमेरिकी संसदेला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ड्रेड स्कॉट निकाल आदल्या वर्षीच लागला होता, त्यामुळे ‘होय’ म्हटले तर दक्षिणेकडची राज्ये दुखावणार आणि ‘नाही’ म्हटले तर इलिनॉयचे मतदार. डग्लस यांनी ‘होय’ म्हटले. विधिमंडळात ते ५४ विरुद्ध ४६ मतांनी निवडून आले, पण दक्षिणेने त्यांना ते उत्तर विसरू दिले नाही. १८६० मध्ये त्यांचा पक्ष दुभंगला आणि राष्ट्राध्यक्षपद लिंकन यांना मिळाले. पुढे महाग पडेल असे उत्तर देण्यावाचून गत्यंतर ठेवू नये, असा प्रश्न मी कोणत्याही मेळाव्यात ऐकलेला नाही.

आपल्याकडे राज्यसभेच्या सदस्याला असा प्रश्न विचारण्याचा अधिकार सामान्य माणसाला कोठून मिळणार, हे मला ठाऊक नाही. २००३ पासून तर उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याचीही अट उरलेली नाही आणि आमदारांना आपले मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी ३० आमदार भरतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य भरतात आणि १२ जण राज्यपालनियुक्त असतात. उरलेल्या चौदांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. वरिष्ठ सभागृहात आपला माणूस थेट मताने पाठवता येतो तो फक्त या चौदा जागांवर. तेथेही आपण प्रश्न विचारणार नसलो, तर तो अठरा क्रमांकाचा अर्ज भरण्याची खटपट कशासाठी करायची?

पुण्याला तर हे नवे वाटण्याचे कारण नाही. १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक सभा स्थापली, तेव्हा सभासद होणाऱ्याला लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागत असे. मी यांच्या वतीने बोलतो, हे तोंडी सांगून भागत नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून १९१५ मधील निधनापर्यंत मध्यवर्ती कायदेमंडळात होते. जनतेने त्यांना थेट निवडलेले नव्हते, पण त्यांचा पसंतीक्रम सगळ्यांना ठाऊक होता. पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी सरकारी तिजोरीतल्या शिलकीवर बोट ठेवून मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या पराभवातही गोखल्यांचे काय हरले, हे लोकांना नेमके सांगता येत होते.

आता आजच्या कामांकडे येतो. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यभरातली पदवीधर मुले वर्षानुवर्षे बसून आहेत. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली म्हणून ही मुले रस्त्यावर उतरली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, बँक भरतीची परीक्षा त्याच दिवशी येत होती म्हणून, राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलावी यासाठी उतरली. दुसरीकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत, ज्यांना उन्हाळी सुट्टीत मानधन नसते. तिसरीकडे विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे टप्पा अनुदान आहे. हे सारे अखेरीस एकाच तिजोरीतून भागायचे आहे. भरतीचे वेळापत्रक आधी की प्राध्यापकांच्या रिक्त जागा आधी, हे ज्याला सांगता येत नाही त्याने दोन्हींचा विचार केलेला नाही, असे मी समजतो.

उमेदवाराने आपल्या अधिकाराची मर्यादाही सांगावी. धनविधेयक परिषदेला १४ दिवसांहून अधिक रोखता येत नाही. इतर विधेयके पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना, एवढीच रोखून धरता येतात. म्हणजे निधी आणतो, कायदा बदलतो, ही भाषा परिषदेच्या उमेदवाराला शोभत नाही. त्याच्या हातात तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, अशासकीय विधेयक आहे. या आयुधांतले कोणते कशासाठी वापरले, याचा सहा वर्षांचा हिशेब एका पानावर मावतो. आमदार निधीतून बसवलेल्या पेव्हिंग ब्लॉकचे फोटो त्या पानावर नसले तरी चालतील. त्यासाठी पदवीधर मतदारसंघ असण्याची गरज नव्हती.

राहिला माझा अनुभव. मागच्या निवडणुकीत शहरातल्या एका मंगल कार्यालयात पदवीधरांचा मेळावा होता. प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवले होते. मी तासिका तत्त्वाबद्दल लिहून दिले. पाऊण तास सत्कारांत गेला, मग सूत्रसंचालकांनी चार चिठ्ठ्या वाचल्या आणि चारही प्रश्नांत उमेदवाराच्या कार्याचा गौरव होता. घरी निघताना माझी चिठ्ठी व्यासपीठाजवळच्या टोपलीत, नारळाच्या शेंड्यांबरोबर, पडलेली दिसली.

तेव्हा चिठ्ठ्या निवडण्याचे काम उमेदवाराच्या माणसांकडे नसावे, पाचही जिल्ह्यांत निदान एकेक बैठक व्हावी, आणि प्रश्नकर्त्याला एक उलटप्रश्न विचारता यावा, इतक्याच अटी आहेत. आम्ही काही निवृत्त मंडळी सभागृहाचे भाडे वर्गणी काढून भरू. माझा क्रमांक निघालाच, तर मी एवढेच विचारीन: आपल्या यादीतले शेवटचे काम कोणते, आणि ते आपण या सहा वर्षांत करणार नाही, हे येथेच सांगाल का?

आपला,
एक पदवीधर मतदार,
सदाशिव पेठ, पुणे