उपचार संपले तरी फाइल बंद करू नका : कॅन्सर रुग्णांच्या माहितीसाठी आवाहन

अनेक ठिकाणच्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पुढच्या रुग्णाचा उपचार ठरवायला मदत व्हावी, यासाठी आमची समिती काम करते. या कामाला कागदपत्रं, माणसं आणि थोडी साधनं हवी आहेत.

एका रुग्णालयात एकाच प्रकारचे, एकाच टप्प्याचे रुग्ण थोडेच असतात. तेवढ्यांवरून दोन उपचारांतला लहान फरक कळत नाही. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरला शस्त्रक्रियेनंतर ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो सहा महिने देत असत. सहा चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी जोखमीच्या रुग्णांना हे औषध कॅपेसिटाबिन या दुसऱ्या केमोच्या औषधाबरोबर दिलं, तर तीन महिनेही जवळपास तेवढेच उपयोगी पडतात, असं दिसलं. हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणाचा मध्यम किंवा तीव्र त्रास सहा महिने केमो घेणाऱ्यांत सुमारे ४५ टक्के होता, तीन महिने घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्के.

त्या चाचण्यांमध्ये कोणाला किती महिने केमो हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. रोजच्या उपचारांत तसं नसतं. अशक्त रुग्णाला डॉक्टर सौम्य औषध देतात आणि मग नोंदींत ते औषधच कमी प्रभावी दिसू लागतं. म्हणून वय, वजन, उंची, मधुमेहासारखे इतर आजार आणि रुग्ण स्वतःची कामं कितपत करू शकत होता, हेही आम्ही विचारतो. प्रश्न जास्त वाटले तरी उत्तरं टाळू नका.

बायॉप्सीचा आणि शस्त्रक्रियेनंतरचा असे दोन्ही पॅथॉलॉजी रिपोर्ट पूर्ण द्या, नुसता निष्कर्षाचा परिच्छेद नको. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टूचा, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रथिनाचा, निकाल २+ असेल, तर तो अनिश्चित धरला जातो. सोबत फिश तपासणीचा, म्हणजे हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट जोडा. केमोच्या प्रत्येक फेरीची तारीख आणि प्रत्यक्ष दिलेला डोस असलेला कागद हवा, कारण ठरवलेला आणि दिलेला डोस पुष्कळदा वेगळा असतो. रक्ताच्या रिपोर्टवर एकक दिसलंच पाहिजे : मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचं १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. एकक सुटलं, तर निरोगी मूत्रपिंड निकामी ठरू शकतं.

सर्वांत जास्त नोंदी मात्र वाया जातात त्या उपचारांनंतर. रुग्ण तपासणीला येईनासा होतो. तो बरा आहे, दुसरीकडे उपचार घेतोय की घरीच वारला, हे फाइल सांगत नाही. घरी झालेले मृत्यू नोंदले गेले नाहीत, की उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि चुकीचा निर्णय पुढच्या माणसाच्या वाट्याला येतो. म्हणून वर्षातून एकदा दोन ओळी कळवा : प्रकृती कशी आहे, आजार उलटला का, उलटला असल्यास कधी. रुग्ण गेला असेल, तर नातेवाइकांनी तारीख आणि कारण सांगावं. हे विचारणं आम्हालाही जड जातं, तरी विचारतो.

संमतीपत्रावर सही झाल्याशिवाय आम्ही कागद घेत नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक दिला जातो. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळ्या ठिकाणी कुलूपबंद असते. पाचपेक्षा कमी रुग्णांचा गट अहवालात दाखवत नाही, कारण दुर्मिळ आजाराचा माणूस नावाशिवायही ओळखू येतो. संमती केव्हाही मागे घेता येते. त्यानंतर तुमची नोंद पुढच्या विश्लेषणात येणार नाही. आधी छापून झालेल्या अहवालातून मात्र ती काढता येत नाही.

आठवड्याला तीन-चार तास देऊ शकणारे स्वयंसेवकही हवे आहेत. प्रत्येक फाइल दोघं स्वतंत्रपणे भरतात आणि तफावत आली, की मूळ कागद पुन्हा उघडला जातो. दिवस आणि महिना उलटे लिहिले जाणं ही नेहमीची चूक. ती एकट्याच्या डोळ्यांना दिसत नाही. वैद्यकीय शिक्षणाची अट नाही, गोपनीयतेच्या करारावर सही मात्र लागेल. देणगी वस्तुरूपातही चालेल : दोन्ही बाजू एकदम वाचणारा स्कॅनर किंवा चालू स्थितीतला संगणक. संगणक देण्याआधी त्यातली तुमची माहिती पूर्ण पुसून द्या.