सोंगाच्या चार ओळी

लातूर,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे विचारलेस त्याचे उत्तर मी दिले नाही आणि आकाशकंदिलाचा विषय काढून वेळ मारून नेली, हे तुझ्या लक्षात आले असेलच. तुझा प्रश्न ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी तुला कधी सांगितली नव्हती आणि जी फोनवर, मध्येच तुझी मीटिंग सुरू होणार असताना, सांगता आली नसती. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तू सांगितलेस ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर तुला कळेल. एप्रिलपासून तू नऊ जणांच्या गटाची प्रमुख आहेस. येत्या ३१ तारखेला, शुक्रवारी, हॅलोविनच्या दिवशी तिकडे अमेरिकेत तुमच्या ऑफिसात सगळे सोंग घेऊन येतात आणि उत्तम सोंगाला बक्षीस असते. गटातील एका हसतमुख आणि कामाला चोख माणसाने जाहीर केले आहे की तो 'कॉल सेंटरचे स्वामी' होऊन येणार, म्हणजे डोक्याला फेटा, कपाळाला गंध, कानाला हेडसेट, तोंडाला तपकिरी रंग आणि बोलण्यात आपल्या लोकांच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल. ते ऐकून बहुतेक जण हसले, तुमच्यातला तेलुगू मुलगाही हसला, आणि शिकागोचा तो कृष्णवर्णीय तरुण मात्र लॅपटॉपकडे बघत बसला. तू हसलीही नाहीस आणि बोललीही नाहीस. आता तुला वाटते आहे की अडवले तर 'स्वतः भारतीय आहे म्हणून झोंबले' असे लोक म्हणतील, आणि न अडवावे तर रात्री झोप येत नाही.

आता माझी गोष्ट. तू पहिलीत होतीस, म्हणजे १९९७ साल. शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा होती आणि तुला लमाणी बाई करायचे मी ठरवले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रीण बंजारा समाजातल्या, तांड्यावर वाढलेल्या आणि त्यांच्या घरातून सरकारी नोकरीत आलेल्या पहिल्याच. मी विचारल्याबरोबर त्यांनी आपल्या पुतणीचे फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी आणून दिली, दंडापर्यंत चढवायच्या पांढऱ्या बलिया आणल्या, आणि संमेलनाच्या दिवशी अर्धी रजा टाकून तुला स्वतःच्या हातांनी सजवले. तुझे ते रूप इतके देखणे होते की फोटो अजून आपल्या अल्बममध्ये आहे. माझी चूक वेशात नव्हती. मी तुला चार ओळी लिहून दिल्या होत्या. त्यात 'मी आला', 'तू गेली' अशी मुद्दाम मोडलेली मराठी होती आणि शेवटी, रडणारे पोर गाठोड्यात घालून नेईन, असा दम होता. तू तो इतक्या ठसक्यात दिलास की सभागृह हसून लोटपोट झाले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तुला पहिले बक्षीस मिळाले.

कपडे धुऊन, घडी घालून मी परत दिले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, पोरगी लई गोड दिसली. पण ते पोरं पळवायचं कशाला घातलं?" मी म्हणाले, "अहो, गंमत होती ती." त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. ज्या पुतणीचे कपडे तू घातले होतेस ती त्याच शाळेत दुसरीत होती, आणि संमेलनानंतर कितीतरी दिवस वर्गातली मुले तिला 'पोरं पळवणारी' म्हणून चिडवत होती, हे मला दीड वर्षाने, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळले. तेव्हा कुठे मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, माफी दिली की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

ती ओळ मी कुठून आणली असेन, याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. मला काही त्या समाजाविषयी राग नव्हता. लहानपणी मी रडू लागले की आजी म्हणायची, गप्प बस, नाहीतर लमाण घेऊन जाईल. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी घराघरांतल्या आजीच्या दमदाटीतून तो संशय जिवंत राहिला. मी तो उचलला आणि सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी दिला. माझ्या मनात द्वेष नव्हता, एवढ्याने त्या पुतणीचे चिडवणे काही कमी झाले नाही.

म्हणून तुझ्या त्या सहकाऱ्याकडे मी थोडी माझ्याच नजरेने बघते आहे. त्याला सोंग घ्यायचे आहे, यात वावगे काहीच नाही. हॅलोविन मुळात सोंगांचाच सण आहे. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सावन नावाच्या जुन्या सणाशी त्याचे नाते जोडतात. तिथले लोक सलगमे कोरून त्यांत दिवा ठेवत, आणि अमेरिकेत गेल्यावर त्यांना त्याहून मोठा आणि कोरायला सोपा भोपळा सापडला. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण, ज्या दिवशी आपल्या वसईतही ख्रिस्ती कुटुंबे दफनभूमीत मेणबत्त्या लावतात. भुताचे, हाडांच्या सापळ्याचे, चेटकिणीचे सोंग घ्यावे, कारण भुताला सोमवारी ऑफिसात येऊन कुणाच्या शेजारी बसायचे नसते. तुमच्या त्या तेलुगू मुलाला मात्र सोमवारी ग्राहकाशी फोनवर बोलायचे आहे, आणि त्याने तोंड उघडताच पलीकडच्या टेबलावरच्या दोघांना शुक्रवारचा हेडसेट आठवणार आहे. तू मला मागे सांगितले होतेस की त्याच्या कामात खोट नसूनही 'उच्चार कळत नाहीत' म्हणून त्याला सादरीकरणातून वगळले गेले होते. सोंगाने त्या तक्रारीला हसरा चेहरा मिळेल. प्रमुख म्हणून तुला बघायचे आहे ते हे, कुणाच्या भावना किती दुखावल्या याचे मोजमाप करत बसायचे नाही.

तोंडाला रंग फासण्याची गोष्ट तर तुमच्या देशात आणखी जड आहे. १८३० च्या सुमारास टॉमस राइस नावाचा गोरा नट तोंड काळे करून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाची थट्टा रंगमंचावर करू लागला, त्या प्रकाराचे खेळ पुढे कित्येक दशके चालले, आणि पुढे वंशभेदाच्या कायद्यांना त्याच पात्राचे नाव चिकटले. शिकागोचा तो मुलगा खाली बघत बसला त्याचे कारण त्याला फेट्याचे वाईट वाटले असे नसेल, रंगाचा डबा त्याच्या ओळखीचा असेल. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांचे २००१ सालचे छायाचित्र २०१९ मध्ये, ऐन निवडणुकीत, बाहेर आले तेव्हा तेही फेटा बांधून आणि तोंड रंगवूनच उभे होते, आणि अठरा वर्षांपूर्वीच्या एका मेजवानीसाठी त्यांना देशाची जाहीर माफी मागावी लागली. हे त्या गृहस्थाला धमकी म्हणून सांगू नकोस. मैत्रीण म्हणून सांगण्यासारखे मात्र आहे, कारण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो.

त्याच्याशी आताच बोल, ३१ तारखेला सकाळी नव्हे. तोंड रंगवून, फेटा बांधून तो दारातून आत आल्यावर त्याला परत पाठवणे म्हणजे चारचौघांत अपमान, आणि अपमान झालेला माणूस चूक समजून घेत नाही, बाजू घेतो. नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत मी कार्यालयाच्या तक्रार समितीवर होते. ती समिती स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी होती, पण एक गोष्ट तिथे दर वेळी दिसे. आमच्यापर्यंत आलेल्या बहुतेक प्रकरणांत कुणीतरी वरिष्ठाने पहिल्याच आठवड्यात दार लावून दहा मिनिटे बोलायला हवे होते, आणि तो बोलला नव्हता. तेव्हा त्याला एकट्याला बोलाव. तू वंशद्वेष्टा आहेस असे म्हणू नकोस, कारण मग तो आपण कसे नाही हे सिद्ध करण्यात सगळा वेळ घालवेल. सोंगाबद्दल बोल, त्याच्या स्वभावाबद्दल नको. चेहऱ्याला दुसऱ्या वंशाचा रंग नको, कुणाच्या उच्चारांची नक्कल नको, कुणा समाजाचा वेश हसण्यासाठी नको, असे सरळ सांग. आणि हाच नियम सगळ्या गटाला सांग, त्याचे नाव न घेता, ज्यात मेक्सिकन टोपी आणि मूळ अमेरिकनांची पिसेही येतील, म्हणजे हे केवळ तुझ्या मायदेशाचे गाऱ्हाणे उरणार नाही. तुला स्वतःला वाईट वाटले हे त्याच्यापासून लपवू मात्र नकोस. त्याला लोकांना हसवायचे असेल तर तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, दर सोमवारी कागद गिळणाऱ्या प्रिंटरचे सोंग घेऊ दे, त्या प्रिंटरची बाजू घेणारे कुणी निघणार नाही.

तुमच्या कोलंबसपासून दीडेक तासावर अथेन्स गावात जे ओहायो विद्यापीठ आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये भित्तिपत्रके काढली होती. प्रत्येक चित्रात एक तरुण किंवा तरुणी, आणि हातात आपल्याच समाजाचे सोंग घेतलेल्या कुणाचा तरी फोटो. आम्ही संस्कृती आहोत, पोशाख नव्हे, अशा अर्थाचे वाक्य खाली होते. ती चित्रे तुला सहज सापडतील, बोलण्याआधी बघून ठेव. पण ते वाक्य मला पुरते पटत नाही, हेही लिहिते. गेल्या दिवाळीला तुझ्या त्या पोलिश मैत्रिणीला तू नऊवारी नेसवलीस आणि तिने दिवसभर मिरवली, त्यात कुठे काय बिघडले? पोशाख उसना देता येतो, माझ्या सहकारी मैत्रिणीने तो आनंदाने दिलाच होता. पोशाखाबरोबर मी जोडलेल्या ओळी तिने दिल्या नव्हत्या.

तेलुगू मुलगा हसला, याचा अर्थ त्याची हरकत नाही असा काढू नकोस. टाळ्या वाजवणाऱ्या बाईंना मी शेजारी बसून पाहिले आहे. त्याला चारचौघांत 'तुला वाईट वाटले का' असेही विचारू नकोस, म्हणजे हो म्हटले तर रडका आणि नाही म्हटले तर त्या गृहस्थाला मोकळीक, असा पेच त्याच्यावर येईल.

आता जे मला अधिक महत्त्वाचे वाटते ते. बोलता बोलता तू सांगितलेस की जेवणाच्या खोलीत आपली मंडळी त्या शिकागोच्या मुलाला आपसात हिंदीत 'कालू' म्हणतात, आणि तू ते पुढच्या वाक्यात टाकून दिलेस, जसा मी तो 'गंमत' शब्द टाकला होता. आपली भाषा इतरांना कळत नाही, या आधारावर आपण परदेशात फार बोलतो. मुलाला शब्द कळत नसेल, पण आपल्याकडे बघून चौघे हसले की काय चालले आहे ते कोणत्याही भाषेत कळते. तू फेटेवाल्याला आधी बोलावलेस आणि 'कालू'वाल्यांना नंतर, किंवा बोलावलेच नाहीस, तर त्या गृहस्थाचा आक्षेप खरा ठरेल की हिला फक्त आपलेच दुखते. म्हणून आपल्या लोकांशी आधी बोल, आणि मराठी-हिंदीतच बोल. तिथे आडनाव विचारून गाव आणि गावावरून जात काढण्याचे प्रकार चालतात का, तेही कान देऊन ऐक. सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली, अमेरिकेतले असे ते पहिले शहर. सामानात आपण फक्त लोणचे आणि मसालेच नेले नाहीत.

कायद्याचे तुला माझ्याहून अधिक माहीत आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत होणारा भेदभाव मना करते. एखादा चुकार शेरा सहसा त्यात येत नाही, तोच शेरा पुन्हा पुन्हा होऊ लागला की येतो. तेव्हा कुणाशी काय बोललीस ते तारखेसह लिहून ठेव. सांगूनही पुन्हा घडले तर मनुष्यबळ विभागाकडे जा आणि त्यात कुणाची चुगली केली असे मानू नकोस, कारण तू आता गटाची प्रमुख आहेस आणि तुला कळले म्हणजे कंपनीला कळले.

राहिल्या त्या जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या बाई, ज्या हॅलोविन पाळत नाहीत आणि ज्यांना सगळे 'रंगाचा बेरंग' म्हणून टोचतात. त्यांना कारण विचारू नका, त्यांचे टेबल सजवू नका, त्या दिवशी घरून काम करायचे असेल तर करू द्या. चेष्टेचा पूर्वग्रह सगळ्यांना दिसतो, हा आग्रहाचा पूर्वग्रह प्रेमळ दिसतो म्हणून कुणी थांबवत नाही.

परवा कुरिअरने फराळ पाठवते आहे, चकल्या वेगळ्या डब्यात आहेत आणि अनारसे वर्तमानपत्रात गुंडाळले आहेत, ते आधी संपव. ऑफिसात नेशीलच. त्या बाईंना देवाला दाखवलेला नैवेद्य कदाचित चालणार नाही, म्हणून शंकरपाळ्यांची एक पिशवी मी नैवेद्याआधीच बाजूला काढून त्यावर लाल दोरा बांधला आहे. दिवाळीचे म्हणून नव्हे, माझ्या आईने केलेले खाणे म्हणून चालेल का, ते त्यांना देण्याआधी विचार, आणि नाही म्हणाल्या तर तूच खा.

तुझी,
आई