ॲपवर शून्य मिलिमीटर, आणि इकडे पत्रे उडाले

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. आधी हसू आलं, मग जरा रागच आला. म्हणे "मी आत्ता बघितलं, तुमच्याकडे कालचा पाऊस शून्य दाखवतोय, आई उगाच घाबरलीये". अरे लेका, तुझ्या आईच्या डोक्यावरचा पत्रा वाचला हे नशीब समज, मागच्या गल्लीतले दोन पत्रे थेट शेतात सापडले. फोनवर तू मध्येच बोलतोस म्हणून लिहितोय, शांतपणे वाच.

तर पहिली गोष्ट, ते शून्य खोटं नाहीये. पर्जन्यमापक जिथे आहे तिथे खरंच थेंब पडला नाही. उन्हाळ्यातलं वादळ असलंच असतं, एकेक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद आणि त्याचं आयुष्य फार तर तासभर. ओढ्याच्या अलीकडे झोडपून काढतं आणि पलीकडे माणसं धूळ झटकत उभी. मोजायचं भांडं एका ठिकाणी, वादळ दुसऱ्या ठिकाणी, आणि आपलं गाव एवढंसं, मग कागदावर काही झालंच नाही असं दिसतं. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि मग लोक म्हणतात इकडे कुठे एवढी वादळं होतात.

काल व्हायच्या आधी आठवडाभर जीव नकोसा झाला होता. नुसतं ऊन असतं तर चाललं असतं, पण घाम वाळतच नव्हता. कोरड्या उन्हात वादळ उभं राहत नाही, ढगाला वाफ लागते, ती अशी साठत होती. त्यात वर दीड-दोन किलोमीटरवर गरम कोरड्या हवेचा थर बसलेला असतो, तो झाकणासारखा खालच्या दमट हवेला दाबून धरतो, त्यामुळे जितके दिवस काही होत नाही तितकी खाली वाफ आणि ताप वाढत जातो. मग एखाद्या दुपारी ते एका जागी फुटतं आणि आजूबाजूचं सगळं तिथूनच वर घुसतं. काल तीनला पश्चिमेला एक साधा पांढरा ढग होता, चारला त्याचं डोकं आकाशात सपाट पसरलेलं आणि बूड काळंनिळं. असे ढग पंधरा किलोमीटरच्या वर जातात, विमानंसुद्धा त्यांना वळसा घालून जातात.

आता खरा विषय, वारा. लोक विजेला घाबरतात, गारांचे फोटो काढतात, आणि वाऱ्याचं कुणाला काहीच वाटत नाही, पण काल जे काही मोडलं ते सगळं वाऱ्याने. ढगातून पाऊस-गारा खाली येताना वाटेत कोरडी हवा लागली की थेंब उडून जातात, त्या उडून जाण्यात आजूबाजूची हवा गार होते, गार हवा जड, ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना धावत सुटते. उकाड्यात एकदम गार झुळूक आली की आपण अंगणात येऊन छाती भरून श्वास घेतो ना, ती झुळूक म्हणजे त्याचीच पुढची कड. तेव्हा बाहेर यायचं नसतं, आत जायचं असतं! आणि गंमत बघ, कधीकधी सगळा पाऊस वाटेतच उडून जातो, खाली नुसता वारा येतो. म्हणजे मापक अगदी आपल्या ओट्यावर ठेवला असता तरी जवळजवळ शून्यच आलं असतं आणि पत्रे उडायचे ते उडालेच असते. काल आपल्याकडे चार मोठाले थेंब पडले, थोड्या गारा पडल्या आणि संपलं.

सकाळी रानात जाऊन आलो. वावटळीत झाडं पिळवटून वेडीवाकडी पडतात, तिथे तसं नव्हतं. मधल्या बांधापासून बघितलं तर इकडची इकडे आणि तिकडची तिकडे, सगळ्यांचे शेंडे बाहेरच्या बाजूला. हे बघून मला फुजिता आठवले, वादळांवर आयुष्य घालवलेले जपानी शास्त्रज्ञ, ज्यांच्या नावाने टोर्नेडोची, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या मोठ्या वावटळीची, मोजपट्टी आहे. तरुणपणी त्यांनी नागासाकीत बॉम्बनंतरची पडझड जाऊन पाहिली होती, आणि पुढे 1974 मध्ये अमेरिकेत विमानातून वादळग्रस्त जंगल बघताना तशीच मधून बाहेर पडलेली झाडं दिसली. 1975 ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक विमान पडलं, तेही अशाच कोसळत्या हवेने, हे त्यांनी मांडलं तेव्हा बऱ्याच जाणकारांना पटलंच नव्हतं. 1983 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष रेगन यांचं विमान उतरल्यावर काही मिनिटांतच ताशी 240 किलोमीटरच्या आसपास वारा मोजला गेला. तिथे मोजणारं यंत्र होतं म्हणून कळलं, आपल्या बांधावर कोण मोजणार.

तू म्हणशील रडार असतं की. असतं, पण पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो. अगदी खाली धरला तरी शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर वर असतो, दोनशेवर चार. म्हणजे ढगाचं पोट दिसतं, पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. त्यात कोसळणारा वारा पाच-दहा मिनिटांचा खेळ. तेव्हा लांबच्या छोट्या गावाला "येत्या तीन तासांत वादळी वाऱ्याची शक्यता" एवढंच मिळणार, आणि ते मिळालं की आपण आकाशाकडे बघायचं. पण आपण त्या मेसेजला शिव्या घालतो, कारण मागच्या वेळी शेजारच्या गावात झालं, आपल्याकडे नाही!

गारांचं तुला आवडेल म्हणून सांगतो. एक फोडून बघितली, आत एक थर पांढरट, एक आरपार दिसणारा. ढगात पाणी शून्याच्या खाली जाऊनही थेंबच राहतं, गारेला चिकटलं की गोठतं. थोडं थोडं चिकटलं तर लगेच गोठून हवा आत अडकते, थर पांढरा होतो, भरपूर चिकटलं तर हवा निसटते आणि थर पारदर्शक. कालच्या बारक्याच होत्या. 30 एप्रिल 1888 ला मुरादाबादकडे गारपिटीत 246 माणसं गेली होती, आणि 1986 मध्ये बांगलादेशात गोपालगंजला किलोभर वजनाची गार पडली होती, ते वाचल्यापासून मी गारांना हसत नाही.

विजेचं थोडक्यात: लखलखाट झाला की सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. पण आवाज ऐकू येतोय म्हणजे पुढची आपल्यावर पडू शकते, तेव्हा मोजत बसण्यापेक्षा घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबावं. गुरं झाडाखाली बांधू नकोस असं मी तुझ्या बाबांना तोंडावर सांगू शकत नाही, तू सांग. वीज झाडावर पडली तरी जमिनीतून पसरते, आणि गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त म्हणून ती आधी जातात.

आता काम. तुमच्या घरावरचे दगड उतरवायला हवेत. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, वर ओढतो, सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यांना, आणि एकदा पत्रा सुटला की तेच दगड माणसावर येतात. कडेच्या ओळीचे हुक गंजलेत, मी हाताने हलवून बघितले. कोपऱ्यांना हुक जवळजवळ मारायचे आणि पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला पट्टीने आवळायचा, एका दिवसाचं काम आहे, माणूस मी बघतो. आणि वारा सुटला की वाऱ्याकडचं दार आधी लावायचं, ते उघडं राहिलं की आतूनही पत्र्याला धक्का बसतो.

काकू म्हणतात दगड इतकी वर्षं आहेत, काय झालंय. माझं ऐकणार नाहीत. तू आजच फोन कर, आणि "शून्य मिलिमीटर" काढू नकोस त्यांच्यासमोर, काल त्या एकट्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. हवा अजून तशीच दमट आहे, ढग पुन्हा जमतायत, रविवारच्या आत हुक मारून घेऊ.

तुझाच